सोनीजींसमोर न बसलेले दोन तास

हे लिहायचं मी पंचवीस वर्षं टाळलं. टाळण्यासाठी फार काही करावं लागत नाही. विषय निघाला की पाणी प्यायला उठायचं, नाहीतर म्हणायचं, ‘जाऊ दे, जुनी गोष्ट आहे.’ घरच्यांना वाटायचं, फसवला गेलेला माणूस आहे, त्याला ती आठवण नकोशी वाटत असेल. मीही त्यांना तसं वाटू दिलं.

परवा नातीचा फोन आला. ही माझ्या मुलीची मुलगी, इंदूरला नोकरी करते. तिचं लग्न ठरलं आहे आणि साखरपुड्याची अंगठी ती आणि होणारा नातजावई मिळून निवडताहेत. तिनं मोबाइलवर चार हिऱ्यांचे कागद पाठवले होते. म्हणाली, “आजोबा, तुम्ही तर क्वालिटीवाले. बताओ ना, यातला कोणता घेऊ?”

मी चष्मा पुसून कागद पाहिले. एक हिरा मोठा होता, पण रंगाला पिवळट. दुसरा रंगानं स्वच्छ, पण पोटात ढगासारखं काहीतरी. तिसरा रंगातही वरचा आणि आतूनही साफ, म्हणून त्याच किमतीत अगदी बारीक. चौथा सगळ्या बाबतीत मधला, फक्त कटाई पहिल्या प्रतीची. मी तिला सांगितलं, आधी कटाई बघ, कारण उजेड आत घेऊन परत फेकायचं काम पैलू करतात. रंग बघायचा तर खडा सुटा मागून घे, पांढऱ्या कागदावर उलटा ठेव आणि बाजूनं बघ. अंगठीत बसवल्यावर रंगाचं काही खरं नसतं. डाग असेल तर तो मधोमध आहे की काठाला, ते विचार. काठाचा डाग कोंदणाखाली झाकला जातो, त्याचं काही वाटून घेऊ नकोस. वजन सगळ्यात शेवटी.

ती खूश झाली. म्हणाली, “इतकं तर शोरूमवाल्यानंही नाही सांगितलं. पण मी सर्टिफिकेटवालाच घेणार. मम्मी सांगते ना, धारच्या त्या सोनीनं तुमचा हिरा बदलला होता. सच है ना?”

मी म्हणालो, “हो.”

फोन ठेवला. जे तिला एवढ्या ऐटीत सांगितलं, त्यातली एकूण एक गोष्ट मी त्याच हिऱ्यामुळे शिकलो होतो. आणि एकोणऐंशीव्या वर्षी, कुणी जबरदस्ती केली नसताना, मी पुन्हा एकदा त्या माणसाला चोर म्हटलं होतं.

म्हणून आता लिहितो.

आमचं घर मूळ धारचं. वडील संस्थानच्या नोकरीत होते. मी देवासला कारखान्यात लागलो आणि तिथलाच झालो. माझी मोठी बहीण, अक्का, धारमध्येच राहिली. तिनं लग्न केलं नाही. मुलींच्या शाळेत शिकवलं, आईला शेवटपर्यंत सांभाळलं. आई गेली तेव्हा आईची हिऱ्याची अंगठी अक्काकडे राहिली आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. एकच खडा होता, तुरीच्या डाळीएवढा. सोन्याचं बंद कोंदण, म्हणजे खडा चहूबाजूंनी आणि खालूनही झाकलेला, वरचा तोंडवळा तेवढा उघडा. आई ती अंगठी सणावारी घालायची. हळदीकुंकवाच्या दिवशी पोह्यांची ताटली पुढे करताना तो खडा असा लखकन चमकायचा. माझ्या आठवणीत तो पाण्यासारखा पांढरा होता.

माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा अक्का म्हणाली, “ही अंगठी हिचीच. पण आजकालच्या मुली असलं गच्च कोंदण घालत नाहीत. सोनीजींकडून उघड्या काट्यांचं करून घे. हिला आवडेल तसं.”

धारमध्ये सोनाराला सोनीजीच म्हणतात. सराफ्यात बरेच सोनीजी होते, पण आमच्या मराठी घरांत नुसतं सोनीजी म्हटलं की ते एकच. त्यांच्या वडिलांनी आमच्या आईचं मंगळसूत्र ओवलं होतं. मराठी बायकांशी बोलून बोलून ते मराठी शिकले होते, त्यात माळवी आणि हिंदी असायची ती असायचीच. मला ते लहानपणापासून ‘भिया’ म्हणत, म्हणजे माळवीत भाऊ. वयानं माझ्याहून पाच-सहा वर्षांनीच मोठे असतील.

त्यांच्या दुकानाची एक रीत होती. खडा कोंदणातून काढायचा असेल तर घरचं कुणीतरी समोर बसलं पाहिजे. खडा निघेपर्यंत आणि नव्या घरात, म्हणजे नव्या कोंदणात, बसेपर्यंत उठायचं नाही. खडा बाहेर आला की सोनीजी तो पांढऱ्या कागदावर ठेवून समोरच्याला दाखवत, जो काही डाग, ओरखडा असेल तो बोटानं दाखवत, मग पुढचं काम. अक्का तिथं तासन् तास स्वेटर विणत बसलेली मी पाहिली आहे. सोनीजींना म्हटलं की विश्वास आहे, तर ते म्हणत, “बिस्वास आहे म्हणूनच बसा. उद्या नसला तर?”

अंगठी घेऊन मी गेलो. एकटाच. अक्काची शाळा होती. सोनीजींनी अंगठी फिरवून पाहिली आणि चटई झटकली.

“बैठो भिया. दोन तास तर लागतील. चहा मागवतो.”

मी घड्याळ पाहिलं. येताना चौकात शाळेतला एक जुना दोस्त भेटला होता, आता बदनावरच्या मंडीत व्यापार करायचा. तो समोरच्या हॉटेलात थांबला होता. मुलीला किती चांगलं घर मिळालं, जावई कुठे आहे, हे त्याला सांगायची मला घाई झाली होती. एवढंच कारण होतं. पंचवीस वर्षांत मी स्वतःला यापेक्षा बरं कारण देऊन पाहिलं, पण नाही सापडलं.

“तुम्ही करा, मी येतो जाऊन,” मी म्हणालो.

“अरे, घर खोलायचं आहे. समोर पाहिजे कुणीतरी.”

“सोनीजी, तुमच्याकडे काय बघत बसायचं. तुम्ही काय परके आहात?”

“तसं नाही. मग अक्कासाहेबांना सुट्टीच्या दिवशी पाठवा. मी थांबतो.”

“लग्न तोंडावर आलंय. सुट्टी-बिट्टी नको. करून टाका.”

 त्यांना ते पटलं नव्हतं. पण मी आमच्या घरातला पुरुष माणूस, मुलीचा बाप, आणि घाईत. त्यांनी मान हलवली. मी कचोरी खायला निघून गेलो आणि दोन तासांनी परत आलो तेव्हा अंगठी तयार होती. त्यांनी एक कागदाची पुडी पुढे केली. “जुनं सोनं आणि आतला डांक आहे. ठेवा.” डांक म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. मी म्हणालो, “राहू द्या तुमच्याकडेच,” आणि बस पकडली.

इथं माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. कारखान्यात मी तपासणी विभागात होतो. माझ्या टेबलावरून चुकीचा नग पुढे जात नाही, असं लोक म्हणत आणि ते मला फार आवडत असे. गेज लावायचा, बसला तर पास, नाही तर नापास. तिसरं काही नसे. लग्नाच्या खरेदीसाठी आम्ही इंदूरच्या एका शोरूममध्ये गेलो होतो. तिथल्या मुलीनं हिऱ्याच्या चार गोष्टी समजावून सांगितल्या होत्या, रंगाची अक्षरं, साफपणाच्या पायऱ्या, कटाई, वजन, आणि एक छोटं पुस्तकही दिलं होतं. मी ते दोनदा वाचलं. दहापट मोठं दिसणारं भिंग विकत घेतलं. मला वाटलं, हे तर आपलंच काम आहे. फक्त नग बारीक आहे.

तर अंगठी घरी आणली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीशी बसून भिंग लावलं. खडा पिवळट दिसला. गव्हाच्या काडीवर असते तशी झाक. आणि काठाशी, एका काट्याच्या अगदी शेजारी, काळा ठिपका. तिळाच्या टोकाएवढा.

मी बायकोला हाक मारली. “हा आईचा खडा नाही.”

तिनं भिंगातून पाहिलं. तिला काही फारसं दिसलं नाही. म्हणाली, “तुम्ही सासूबाईंचा खडा याआधी भिंगातून कधी पाहिला होता?”

“भिंग कशाला पाहिजे? पांढराशुभ्र होता. तुला नाही आठवत?”

“आठवतं. पण तुम्ही समोर बसला होतात ना?”

मी म्हणालो, “हो. बसलो होतो.”

पहिलं खोटं ते. विचार करून बोललो असंही नाही. ती पोळ्या टाकून आली होती, हाताला पीठ होतं. ‘नव्हतो बसलो’ असं म्हटलं असतं तर तिनं विचारलं असतं, मग कुठे होतात, आणि मला कचोरी सांगावी लागली असती. त्या एका कचोरीची लाज झाकायला मी हे बोललो. माझ्या खोट्यानं सोनीजींची बाजू आणखी पडेल, हे त्या वेळी माझ्या डोक्यात आलं नाही. आलं असतं तरी मी वेगळं काही बोललो असतो का, मला सांगता येत नाही.

त्या रविवारी मी धारला गेलो आणि अक्काला घेऊन सराफ्यात गेलो. ती येताना एवढंच म्हणाली, “आवाज चढवू नकोस. माणूस लहानपणापासूनच्या ओळखीचा आहे.”

मी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. मी कारखान्यात बोलतो तसा बोललो. खिशातून ते छोटं पुस्तक काढलं, पान उघडलं आणि रंगाची अक्षरं दाखवली. म्हणालो, “सोनीजी, आईचा खडा या वरच्या ओळीतला होता. हा इथं आहे, खालच्या ओळीत. आणि हा ठिपका. हा कुठून आला?”

त्यांनी पुस्तकाकडे पाहिलं, पण हात लावला नाही.

“ही अक्षरं मला नाही येत भिया. पण खडा तोच आहे.”

“मग पिवळा कसा झाला?”

“झाला नाही, होताच. अक्कासाहेब, तुम्हीच ऐका.” ते अक्काकडे वळले. “बंद घरात खड्याच्या खाली चांदीचा पातळ पत्रा टाकतात. त्याला डांक म्हणतात. तो खालून चमक देतो, तर पिवळा पण पांढरा दिसतो. तुमच्या आईसाहेबांचा डांक माझ्या वडिलांनी टाकलेला. आता घर खुलं केलं, डांक निघाला, तर खडा आपल्या रंगाचा दिसतो. आणि तो दाग काठाच्या सोन्याखाली दबला होता.”

त्यांनी गल्ल्यातून तीच पुडी काढली, मी नको म्हटलेली. आत नखाएवढा काळपट चांदीचा पत्रा होता. “हा पाहा.”

मी म्हणालो, “असा पत्रा कुणीही दाखवेल.”

दुकानात अजून दोन बायका बसल्या होत्या, आमच्याच ओळखीच्या घरांतल्या. एक पाटल्यांचं माप देत होती, ती थांबली.

अक्कानं पुडीकडे पाहिलं, सोनीजींकडे पाहिलं. ती पस्तीस वर्षं पेपर तपासलेली बाई होती, एकाचं ऐकून मार्क देणारी नव्हे. तिनं मला विचारलं, “खडा बाहेर काढला तेव्हा तू समोर होतास. तेव्हा पिवळा दिसला का तुला? ठिपका दाखवला यांनी?”

ती रीत तिला माहीत होती. म्हणूनच तिनं नेमका तो प्रश्न विचारला. माझं उत्तर खरं आलं असतं तर तिथंच सगळं मिटलं असतं.

“समोर होतो,” मी म्हणालो. “तेव्हा पांढरा होता. ठिपका-बिपका काही दाखवला नाही. नंतर कधी हात फिरवला कोण जाणे.”

सोनीजींनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. बोलायला फक्त चार शब्द लागत होते. भिया, तुम्ही नव्हता इथं. समोरच्या हॉटेलवाल्यानं साक्ष दिली असती. मी दाराशी काढलेल्या चपलांकडे बघत राहिलो.

ते बोलले नाहीत. त्यांनी तो डांक पुन्हा कागदात ठेवला, कागदाच्या घड्या नीट घातल्या, आणि अक्काला म्हणाले, “भिया समोर होते म्हणतात, तर मग मी काय बोलू?”

अक्काला वाटलं, त्यांनी कबूल केलं. तिथं बसलेल्या बायकांनाही तसंच वाटलं. मला एकट्याला माहीत होतं की त्यांनी काय केलं. मोठ्या बहिणीसमोर, दोन बायकांसमोर त्यांनी मला खोटारडा ठरू दिलं नाही. लहानपणी मी आईचं बोट धरून त्यांच्या वडिलांच्या दुकानात जायचो, तेव्हा ते मला तुरटीचा खडा हिरा म्हणून खेळायला द्यायचे. तेच नातं त्यांनी धरून ठेवलं असेल. किंवा गिऱ्हाईकाला खोटं पाडायचं नाही, अशी त्यांच्या वडिलांची आणखी एक रीत असेल. मी विचारलं नाही, त्यामुळे मला कळलं नाही.

 घरी आल्यावर अक्का म्हणाली, “मी यापुढे तिथं पाऊल ठेवणार नाही.”

तिनं कुणाकडे जाऊन सांगितलं असं नाही. पण अक्का सोनीजींकडे जायची बंद झाली, एवढंच धारच्या मराठी घरांना पुरेसं होतं. कुणी विचारलं तर ती म्हणायची, “माझा भाऊ समोर होता.” अक्का खोटं बोलत नाही, हे सगळ्या गावाला माहीत होतं. माझं खोटं तिच्या तोंडून खरं होऊन घरोघर गेलं. बायका मंगळसूत्र ओवायला दुसरीकडे जाऊ लागल्या. ज्यांना परवडत होतं त्या इंदूरला जाऊ लागल्या. दोन-तीन वर्षांत सोनीजींकडे तिरल्याकडच्या खेड्यांतून येणारी चांदीच्या कड्यांची, तोडलेल्या पैंजणांची कामं तेवढी उरली. हिरा त्यांच्या हाती पुन्हा कुणी दिल्याचं मी ऐकलं नाही.

लग्नात मुलीला शोरूममधली नवी अंगठी घेतली. आईची अंगठी कपाटात राहिली.

आठ महिन्यांनी ती मी इंदूरला घेऊन गेलो. म्हटलं, मोडून काहीतरी घेऊ, डोळ्यांसमोर नको. शोरूममधल्या मुलीनं मला आतल्या खोलीत एका म्हाताऱ्या पारख्याकडे पाठवलं. त्यानं आधी अंगठीतून खडा सोडवला. मी म्हणालो, “तसाच सांगा ना.” तो म्हणाला, “बसलेल्या खड्याचा रंग सांगतो तो एकतर अडाणी, नाहीतर ठग.” पांढऱ्या कागदाला घडी घालून त्यानं खडा पालथा ठेवला आणि बाजूनं बघत राहिला. मग भिंग लावलं. मग दिव्याखाली धरला.

“पुराना माल है,” तो म्हणाला. “बंद घरातून काढलाय ना? काठाखाली डांकचा काळपट थर राहिला आहे, बघा. बरीच वर्षं लागतात असा थर बसायला.”

मी विचारलं, “हा बदललेला असू शकतो का? म्हणजे, पूर्वी पांढरा होता.”

तो हसला. “साहेब, डांकवर सगळे पांढरे असतात. आणि बदलणार कशाशी? ही कटाई हातानं केलेली आहे. वरचं तोंड लहान, पोट खोल, खालचं टोक असं सपाट कापलेलं. आता असं कुणी कापत नाही. याच मापाचा, अशाच कटाईचा दुसरा खडा शोधायला तुमच्या सोनाराला वर्ष लागलं असतं.” मग त्यानं खडा चिमट्यात धरून दिव्याखाली हळूहळू फिरवला. “रंगात मार खातो, दागात थोडा खातो. पण पाणी बघा, ही आतली चमक. ज्यानं हा निवडला त्यानं रंग सोडला आणि पाणी घेतलं. समजदार माणूस होता.”

ज्यानं निवडला तो माझा बाप. आणि त्याला पिवळा रंग झाकायला डांक टाकून देणारा सोनीजींचा बाप. त्या दोघांनी एकमेकांशी बोलून, हा खडा कशात कमी आहे आणि कशात नाही, हे बघून घेतलं असणार. मी पुस्तकातली चार अक्षरं घेऊन त्यांच्या मुलाला नापास केलं होतं.

मी खडा परत बसवून घेतला आणि देवासला आलो. बस स्टँडवर उतरलो तेव्हा समोर इंदूरवरून धारला जाणारी बस उभी होती. मी तीत चढलो नाही. घरी बायकोनं विचारलं, काय झालं? मी म्हणालो, “भाव बरोबर नाही देत.”  तिनं पुन्हा कधीच विचारलं नाही. ती विचारायची थांबली की तिला उत्तर मिळालेलं असे. तीन वर्षांपूर्वी ती गेली, त्याबद्दल आमच्यात एक शब्दही न होता.

यापुढचं सांगताना जास्त लाज वाटते. सराफ्यात मी खोटं बोललो तेव्हा, चूक का होईना, मला खरंच वाटत होतं की खडा बदलला आहे. आठ महिन्यांनंतर मला सगळं माहीत होतं. अक्का त्यानंतर बारा वर्षं जगली आणि सोनीजी सहा वर्षं. मी दर दिवाळीला धारला जायचो. एकदाही तोंड उघडलं नाही. मुलीच्या सासरच्यांना ही गोष्ट माहीत झाली होती, त्यांच्यासमोर मी सावध, नजर असलेला माणूस म्हणून ओळखला जायचो. जावई गाडी घेतानासुद्धा मला विचारायचा. ते मला सोडवेना.

अक्का शेवटी आजारी होती तेव्हा एकदा म्हणाली, “त्या सोनीजींचं मला अजून नवल वाटतं रे. त्यांनी ‘मी केलं’ पण म्हटलं नाही आणि ‘नाही केलं’ असं जोर देऊन पण म्हटलं नाही. असा माणूस मी पाहिला नाही.”

मी तिच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं.

“तू त्या दिवशी नीट पाहिलं होतंस ना?” तिनं विचारलं.

“अक्का, झोप आता,” मी म्हणालो. तिच्याही बाबतीत तेवढंच जमलं.

सोनीजींकडे मी एकदा गेलो होतो. ते गेले त्याच्या आदल्या वर्षी. बायकोचं एक पैंजण तुटलं होतं, ते निमित्त घेतलं. दुकान तेच, पण आरशाचा पारा उडाला होता आणि बसायला गिऱ्हाईक कुणी नव्हतं. त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. त्यांनी मला आवाजावरून ओळखलं.

“या भिया. पुष्कळ दिवसांनी.”

मी पैंजण पुढे केलं. त्यांनी बोटांनी चाचपून तुटलेली कडी शोधली.

“तासभर लागेल. हात आता हळू चालतो. जाऊन येता का चौकात?”

“नाही,” मी म्हणालो. “बसतो.”

ते किंचित हसले. “आज टाइम आहे.”

टोमणा होता तो. इतक्या वर्षांत त्यांच्याकडून मला मिळालेली एवढीच शिक्षा, आणि तीसुद्धा हसून दिलेली. मी चटईवर मांडी घालून बसलो. ते चिमट्यानं कडी धरत, फुंकणीनं ज्योत लावत, पुन्हा बघत. डाग लागला की घासत. तासाऐवजी दीड तास लागला. मी एकदाही उठलो नाही. चहा आला तो घेतला. सगळा वेळ माझ्या तोंडात ते वाक्य तयार होतं. देवासहून बसमध्ये बसल्यापासून मी ते जुळवत आलो होतो. आता कडी जोडली की बोलू, आता पैंजण पाण्यात बुडवलं की बोलू, असं करत राहिलो. त्यांनी पैंजण फडक्यानं पुसून माझ्या हातावर ठेवलं आणि माझ्याकडे तोंड करून थांबले. बराच वेळ थांबले. त्यांना ठाऊक होतं मी पैंजणासाठी आलेलो नाही.

मी म्हणालो, “मजबूत झालं ना?”

“हो,” ते म्हणाले. “आता नाही तुटणार.”

मी पैंजण खिशात टाकलं आणि निघालो.

त्यांच्या जाण्याची बातमी मला अक्काच्या पत्रातून कळली, तीही शेवटच्या ओळीत. त्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. त्यांचा मुलगा गाव सोडून गेला, कुठे ते मी शोधलं तर सापडेल. शोधणार आहे.

अंगठी माझ्याकडेच आहे. आज सकाळी मी तिचा खडा पांढऱ्या कागदासमोर धरला. आता भिंगाशिवायही मला त्याचा पिवळेपणा दिसतो, तो ठिपकाही कुठे आहे ते माहीत असल्यामुळे दिसतो, आणि वळवला की पाणी दिसतं. अंगठी नातीला देईन. पण आधी हे कागद तिच्याकडे जातील. तिला मराठी वाचायला जड जातं, म्हणजे तिची आई तिला वाचून दाखवेल. माझ्या मुलीला हे असं मोठ्यानं वाचावं लागेल, त्याचं मला वाईट वाटतं. तरी तिनं थांबू नये. शेवटपर्यंत वाचावं. कारण त्या दीड तासात चटईवर बसून जे वाक्य मला बोलता आलं नाही, ते शेवटी लिहिलं आहे.

सोनीजी, त्या दिवशी मी समोर बसलो नव्हतो. खडा आईचाच होता. तुम्ही खरं बोलत होता आणि मी खोटं बोललो, अक्कासमोर, तुमच्याच दुकानात बसून. मला माफ करा.